चालते ना, मग फसवणूक कसली?

राग निवळला की लिहू म्हणून थांबलो होतो. निवळत नाही, तेव्हा तसाच लिहितो.

एका संकेतस्थळावरून ६० चिप घेतल्या. एमसीपी४१६१, १० किलोओहमच्या डिजिटल पोटेंशिओमीटर, म्हणजे कोडने आकडा पाठवला की तेवढा रोध लावणाऱ्या. पैसे १०० टक्के आगाऊ. ६० च्या ६० खोट्या निघाल्या. खोट्या म्हणजे मेलेल्या नव्हेत, तेच तर दुखणं आहे. वागण्यावरून आत एमसीपी४१५१ ही तिची स्वस्त बहीण आहे. दोन्हींचे आठ पाय सारखे, एसपीआय (चिपशी बोलायची तारांवरची भाषा) सारखी, रोधाचे २५७ टप्पे सारखे. फक्त ४१६१ ला ईईप्रॉम असतं, वीज गेली तरी लावलेला टप्पा तिला आठवतो. ४१५१ सगळं विसरते आणि वीज आली की मधोमध, १२८ वर जाऊन बसते. स्वस्त चिप घासायची, वर महागडीचं नाव छापायचं. आधी ५ अस्सल नमुने पाठवायचे, हेही नेहमीचंच. ते पाचही मी वीज काढून-लावून नीट तपासले होते, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

माल आल्यावर मात्र तसं केलं नाही. पहिल्या बोर्डवर ५४ हा आकडा पाठवला, मल्टिमीटरने २.२ किलोओहम दाखवले. वायपर (रोधाचा टप्पा ठरवणारा आतला सरकता सांधा) सरकतोय ना, मग झालं! ४२ बोर्ड सोल्डर करून टाकले. संध्याकाळी एकाचा सप्लाय काढून परत लावला, तर मीटरवर ५.१. दहाच्या बरोबर मधोमध. याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं? आणि मी म्हणालो, आपलाच कोड चुकला असणार.

का वाटलं तेही ऐका. ४१६१ च्या आतल्या मेमरीत चालू टप्पा पत्ता ० वर असतो, कायमचा पत्ता २ वर. पत्ता ० वर लिहून वीज काढली तर अस्सल चिपही विसरणारच. नवशिके हमखास इथे अडकतात, मला वाटलं मीही अडकलो. मग ईईप्रॉमच्या लिखाणाला वेळ पुरत नसेल असं वाटलं. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, १० मिलिसेकंद म्हणते, मी २० दिले, मग ५०. क्लॉक, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, कमी केला. कपॅसिटर बदलले. असे ९ दिवस गेले. हाच कोड त्या ५ नमुन्यांवर चालला होता, हे त्या ९ दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही. लिहितानाही कान तापतात.

पत्ता २ वाचून का नाही पाहिला, असं विचाराल. या चिपमध्ये डेटा आत जायचा आणि बाहेर यायचा पाय एकच असतो. वाचायचं तर मधे रेझिस्टर घालून वेगळी तार आणावी लागते, आणि माझा बोर्ड फक्त लिहिण्यापुरता होता. दहाव्या दिवशी तार जोडली. चिपने एरर बिट शून्य केला: असा पत्ताच नाही. एका मिनिटाचं काम. तुम्ही ती तार पहिल्या दिवशी जोडा. आणि ॲसिटोनचा बोळा वरून फिरवा. माझ्या चिपचा काळा थर बोळ्यावर आला.

परतीची मुदत ७ दिवसांची होती. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. संकेतस्थळाच्या तक्रार कक्षाने 'तुटलेल्या वस्तूचा फोटो' मागितला. तुटलेली नाही म्हटलं, तर 'मग चालते ना?' चालते, पण विसरते. 'म्हणजे चालते.' तक्रार बंद. पुन्हा उघडली, दुसऱ्या माणसाने पुन्हा फोटोच मागितला. एरर बिटचा फोटो कसा काढतात? बँकेचं म्हणणं, वस्तू पोचली ना, विषय संपला. पोलिसांकडे दोन्ही डेटाशीट छापून नेल्या. तिथल्या साहेबांनी चिप नखावर ठेवून पाहिली, म्हणाले, 'यावर तर बरोबर नाव लिहिलंय.' अहो, तेच तर! तेच खोटं लिहिलंय! अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितल्याशिवाय उठू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि मुदतीच्या आत भांडा. कोड नंतर तपासा.

४२ बोर्ड फेकवत नव्हते. आता टप्पा मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डवर कोड चालवणाऱ्या चिपच्या) स्वतःच्या ईईप्रॉममध्ये ठेवतो आणि सुरू होताना त्या खोट्या चिपला पाठवतो. पण कोड जागा होईपर्यंत चिप १२८ वरच असते, त्यामुळे प्रत्येक वेळी स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, सुरू झालं.