जुन्या पेंटियमसाठी सीएफ कार्ड आणि आयडीई अडॅप्टर

आमच्या छापखान्यातला पेंटियम कॉम्प्युटर अजून विंडोज ९८ वर चालतो. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली सगळी जुनी कामं त्यातच आहेत. फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावतं, म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ) हे छोटं मेमरी कार्ड आणि ते आयडीईला, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीला, लावणारा ४० पिनचा अडॅप्टर घेतला. फार आवडला! सीएफ कार्डात आयडीईची सोय मुळातच असते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) हे कार्ड साधी हार्ड डिस्कच वाटतं. घरघर अजिबात नाही. मशीन चालू असताना मात्र कार्ड काढू नका. डॉस या जुन्या प्रणालीसाठी कार्ड एफएटी१६ या फाइल पद्धतीत फॉरमॅट करणार असाल तर पार्टिशन (कार्डाचा एक भाग) २ जीबीपर्यंतच ठेवा. पेंटियमच्या आधीच्या ४८६ प्रोसेसरच्या काळातले बरेच बायोस ५०४ एमबीपलीकडे ओळखत नाहीत, तिथे छोटंच कार्ड शोधा. अडॅप्टर शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या पट्टीवर बसणारा घ्या, म्हणजे कार्ड बाहेरूनच काढता येतं.