जुन्या एमजीबीचे कधीच न बदललेले लॉक

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये किल्लीची जागा फसवणुकीला फार सोयीची असते, कारण तिथे केलेले आणि न केलेले काम स्टीअरिंग कॉलमच्या आवरणाखाली सारखेच झाकले जाते. माझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार या मॉडेलच्या अखेरच्या, म्हणजे १९७०च्या दशकातल्या गाड्यांपैकी आहे. चालत्या गाडीत किल्लीला जरा धक्का लागला की इंजिन आचके देई आणि टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा एकदम शून्यावर येई. गाडी वेगात असताना काटा असा कोसळतो, तेव्हा इग्निशनचा वीजपुरवठाच तुटत असल्याचा संशय घ्यावा.

जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणवणाऱ्या एका मेकॅनिकने लॉक आतून झिजल्याचे सांगून स्विचसकट संपूर्ण स्टीअरिंग लॉक (किल्ली काढल्यावर स्टीअरिंग अडकवून ठेवणारे कुलूप) बदलावे लागेल असे ठरवले, आणि काम झाल्यावर नव्या लॉकची किंमत व ते बसवण्याची भरभक्कम मजुरी बिलात लावली. गाडी देताना त्याने किल्ली मात्र जुनीच हातात ठेवली. नव्या लॉकला ती कशी चालते, असे विचारताच, "साहेब, आतला बॅरल तुमच्या किल्लीला जुळवून घेतला," हे उत्तर तयार होते. बॅरल, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो भाग, तसा जुळवता येतो, ही त्यातली पंचाईत! काढलेले लॉक मागितले, तर ते म्हणे भंगारात गेले होते.

आचके काही दिवसांतच परत सुरू झाले, तेव्हा मी आवरण उघडले. या लॉकचे बोल्ट चोरी टाळण्यासाठी मुद्दाम असे केलेले असतात की, पुरेसे आवळले गेले की त्यांचे षटकोनी डोके तुटून पडते आणि पान्याला पकडायला काही उरत नाही. ते काढायचे तर मधोमध ड्रिल मारावे लागते किंवा छिन्नीने ठोकून ठोकून फिरवावे लागते, आणि परत बसवताना नवे बोल्ट घ्यावे लागतात. माझ्या बोल्टांवर छिन्नीचा एक ओरखडाही नव्हता. ग्रीस आणि धुळीचा वाळलेला काळा थर नखाने खरवडावा लागला. लॉक जागचे हललेच नव्हते.

विजेचा स्विच लॉकच्या मागच्या टोकाला वेगळा बसतो आणि बारीक स्क्रू काढला की बाहेर येतो. तेवढाच भाग बदलला होता, तोही हलक्या प्रतीचा. त्या काळच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये तपकिरी वायर बॅटरीची वीज थेट आणते आणि पांढरी ती इग्निशनकडे नेते. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरचे (विजेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचे) एक टोक स्विचच्या तपकिरी आणि दुसरे पांढऱ्या वायरला लावले, तर चांगल्या स्विचवर आकडा शून्याच्या जवळपास राहायला हवा. माझ्याकडे तो एक व्होल्टच्या वर होता आणि किल्ली हलवली की नाचत होता.

असे काम देणाऱ्यांनी गाडी सोडण्यापूर्वी बोल्टांच्या डोक्यांचे फोटो काढावेत, बदलायचे ते लॉक की नुसता स्विच हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे आणि काढलेला भाग परत मिळेल, हे आधीच ठरवावे. आवरणाखालचे फोटो दाखवल्यावर मेकॅनिकने लॉकचे पैसे कुरकुरत परत केले. कधी न झालेल्या कामाची मजुरी मात्र त्याने अजून दिलेली नाही.