९२२ गुणांचा इम्रान : आयसीसीच्या गोलंदाज क्रमवारीचे एक परीक्षण

२०२५ च्या आरंभी जसप्रीत बुमराह कसोटी क्रमवारीत ९०७ गुणांवर पोहोचला आणि रवीचंद्रन अश्विनचा ९०४ गुणांचा भारतीय विक्रम मागे पडला, तेव्हा माझ्या भाच्याने मला विचारले, "मामा, ऐन भरात याच्यापेक्षा मोठा वेगवान गोलंदाज कुणी झाला आहे का?" मी इम्रान खानचे नाव घेतले. भाच्याच्या पिढीला इम्रान माहीत आहे तो पाकिस्तानचा माजी पंतप्रधान म्हणून, त्यामुळे त्याला माझे उत्तर म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला. मग आम्ही दोघे आयसीसीच्या संकेतस्थळावरची खेळाडूंची क्रमवारी उघडून बसलो. गोलंदाजाच्या शिखराचे मोजमाप करण्याचे साधन म्हणून ही सेवा कितपत भरवशाची आहे, हे तपासण्यासाठी इम्रानइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

ही सेवा विनामूल्य आहे आणि दर बुधवारी अद्ययावत होते. तक्त्यात प्रत्येक खेळाडूच्या आजच्या गुणांशेजारी त्याचे कारकिर्दीतील सर्वोच्च गुणही दिलेले असतात, आणि शिखराच्या चर्चेसाठी तोच रकाना महत्त्वाचा आहे. मोजपट्टी ० ते १००० अशी असते. ५०० च्या पुढे गेलेला गोलंदाज चांगला समजावा, ९०० च्या पुढचे मात्र कसोटीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मोजकेच. ही पद्धत १९८७ साली इंग्लंडचा माजी कर्णधार टेड डेक्स्टर याच्या कल्पनेतून आणि गॉर्डन व्हिन्स व रॉब ईस्टअवे यांच्या गणितातून उभी राहिली, आणि नंतर तीच मागच्या सर्व कसोट्यांना लावण्यात आली. म्हणजे इम्रानने जानेवारी १९८३ मध्ये ९२२ गुण गाठले तेव्हा कराचीत किंवा लाहोरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. हा आकडा त्याला पुढे काही वर्षांनी मागाहून बहाल झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या दिवसांच्या कौतुकाचा किंवा रागाचा या आकड्याला स्पर्शही झालेला नाही.

साध्या सरासरीपेक्षा ही पद्धत सरस का, हे समजून घेण्यासारखे आहे. सरासरी एका बळीला एकच बळी मानते, मग तो सुनील गावसकरचा असो की अकराव्या क्रमांकावरच्या फलंदाजाचा. क्रमवारी बाद झालेल्या फलंदाजाचे स्वतःचे गुण पाहते, सामन्यात एकूण धावा किती निघाल्या हे पाहते, गोलंदाजाने किती षटकांचे ओझे उचलले हे पाहते, आणि जुन्या कामगिरीपेक्षा ताज्या कामगिरीला अधिक वजन देते. नवख्या गोलंदाजाचे गुण पुरेसे बळी जमेपर्यंत दाबून ठेवले जातात, त्यामुळे एखाद्या सामन्याच्या नशिबावर कुणी वर चढत नाही. पूर्ण सूत्र मात्र प्रसिद्ध केलेले नाही, ही या सेवेतील पहिली उणीव. सर्वसामान्य वाचकाला तत्त्वे कळतात, हिशेब करून पाहता येत नाही.

आता इम्रान. १९८२ या एका वर्षात त्याने ९ कसोट्यांत ६२ बळी घेतले, तेही १३.२९ च्या सरासरीने. त्यात लाहोरला श्रीलंकेविरुद्ध ११६ धावांत १४ बळी आहेत, आणि श्रीलंका तेव्हा कसोटीत अगदीच नवी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वर्षाअखेरच्या हिवाळ्यात भारताचा संघ पाकिस्तानात गेला, आणि त्या संघात गावसकर, वेंगसरकर, विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ होते. सहा कसोट्यांच्या त्या मालिकेत इम्रानने १३.९५ च्या सरासरीने ४० बळी घेतले. अमरनाथने त्याच मालिकेत तीन शतके काढली आणि फैसलाबादला गावसकर डावाच्या आरंभापासून अखेरपर्यंत १२७ धावांवर नाबाद राहिला, म्हणजे फलंदाजी मोडकळीला आलेली होती असे म्हणण्याची सोय नाही. त्याच फैसलाबादच्या सामन्यात इम्रानने ११ बळी घेऊन वर शतकही ठोकले.

कराचीची दुसरी कसोटी या सगळ्याचा गाभा आहे. दुसऱ्या डावात १ बाद १०२ वर असलेला भारत ७ बाद ११४ असा कोसळला. चेंडू जुना झालेला, एक बाजू खरवडलेली, दुसरी घासून घासून चकचकीत ठेवलेली. नवा चेंडू हवेत ज्या दिशेला वळतो त्याच्या उलट, चकाकीच्या बाजूला हा चेंडू वळतो, आणि तोही शेवटच्या क्षणी. सहकारी सरफराज नवाजकडून शिकलेली ही 'रिव्हर्स स्विंग'ची विद्या इम्रानने भरधाव वेगाला जोडली. विश्वनाथने उजव्या यष्टीबाहेरचा वाटलेला एक चेंडू बॅट वर उचलून सोडून दिला, आणि तो आत शिरून त्याचा त्रिफळा उडाला. विश्वनाथसारखा मनगटाचा जादूगार, ज्याला चेंडूची दिशा ओळखायला कुणी शिकवण्याची गरज नव्हती, तो चेंडू सोडून देऊन बाद होतो, यातच त्या दिवशीच्या गोलंदाजीचे सारे वर्णन आले. डावात ६० धावांत ८ बळी, सामन्यात ७९ धावांत ११. क्रमवारीने या सामन्याचे जे गुण दिले असतील ते मला रास्तच वाटतात.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला पंचांचा. त्या काळी दोन्ही पंच यजमान देशाचेच असत, आणि भारत-पाकिस्तान मालिकांत पाहुण्या संघाच्या तक्रारी नेहमीच्याच होत्या. क्रमवारी पायचीत आणि त्रिफळा यांत फरक करत नाही, पंच कोण हे पाहत नाही. म्हणून इम्रानच्या शिखराची परीक्षा परदेशात घेतली पाहिजे, आणि तिथे तो टिकतो. १९८२ च्याच उन्हाळ्यात, कर्णधारपदाच्या पहिल्याच दौऱ्यात, इंग्लंडमध्ये, इंग्रज पंचांसमोर त्याने ३ कसोट्यांत १८.५७ च्या सरासरीने २१ बळी घेतले. एजबॅस्टनला ५२ धावांत ७. शिवाय तटस्थ पंचांची मागणी लावून धरणाऱ्यांत इम्रान स्वतःच पुढे होता. १९८६ साली लाहोरला वेस्ट इंडीजविरुद्ध व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर हे भारतीय पंच उभे राहिले, ते त्याच आग्रहातून.

दुसरा आक्षेप चेंडूशी केलेल्या छेडछाडीचा. १९८१ च्या इंग्लंडमधील एका कौंटी (प्रांतिक) सामन्यात बाटलीच्या बुचाने चेंडू खरवडल्याची कबुली इम्रानने पुढे १९९४ मध्ये दिली. ती कसोटी नव्हती, आणि एका कबुलीवरून साऱ्या बळींवर पाणी सोडणे मला न्याय्य वाटत नाही. पण त्याचे मोठेपण सांगताना ही गोष्ट गाळणेही योग्य नव्हे. गुणांच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही.

तुलनेसाठी हीच सेवा किती काळजीने वापरावी लागते, ते शेजारच्या नावांवरून कळते. मॅग्रा ९१४, अँब्रोज ९१२, मार्शल ९१०, हॅडली, वकार युनूस आणि स्टेन प्रत्येकी ९०९. या दोन-पाच गुणांच्या फरकावरून कुणाला वर-खाली लावणे म्हणजे सोनाराच्या काट्यावर पोती तोलण्यासारखे आहे. इम्रानच्या वर फक्त जॉर्ज लोहमन आणि सिडनी बार्न्स हे दोघे आहेत; लोहमन एकोणिसाव्या शतकातला, आणि बार्न्सने ९३२ गुण गाठले ते १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, ४ कसोट्यांत ४९ बळी घेऊन. दोघांनाही आजच्या अर्थाने वेगवान म्हणता येणार नाही. तेव्हा अस्सल वेगवान गोलंदाजांत सर्वांत उंच टोक इम्रानचे, हा क्रमवारीचा निकाल मला मान्य आहे. बुमराहने २०२४ मध्ये १३ कसोट्यांत १४.९२ च्या सरासरीने ७१ बळी घेतले, ते वर्ष १९८२ च्या इम्रानच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते, एवढे मी भाच्याला मोकळेपणाने कबूल केले. जानेवारी २०२५ च्या सिडनी कसोटीनंतर बुमराहचे गुण ९०८ झाले.

परंतु शिखर किती उंच हे सांगणारी ही सेवा, शिखर किती रुंद हे एका आकड्यात सांगू शकत नाही. माल्कम मार्शलने ८१ कसोट्यांत २०.९४ च्या सरासरीने ३७६ बळी घेतले आणि ऐंशीच्या दशकाचा मोठा भाग तो त्याच उंचीवर राहिला. सर्वोच्च गुणांच्या रकान्यात तो इम्रानपेक्षा १२ गुणांनी खाली दिसतो, आणि वर्षानुवर्षांचा तो दबदबा त्या रकान्यात मावत नाही. ज्याला केवळ शिखरच हवे आहे त्याने हा रकाना पाहावा. ज्याला गोलंदाज हवा आहे त्याने सोबत धावफलक उघडावेत. मी स्वतः तसेच करतो, आणि ही सेवा तशीच वापरावी अशी माझी शिफारस आहे.

शरीराचा हिशेबही तक्त्यात नाही. न खेळलेल्या प्रत्येक कसोटीमागे १ टक्का गुण कापले जातात, एवढाच दुखापतीशी या पद्धतीचा संबंध. ऐन भरात असलेला बुमराह सिडनीच्या दुसऱ्या डावात पाठीमुळे एकही चेंडू टाकू शकला नाही. इम्रानचे तर भारताविरुद्धच्या त्या मालिकेतच नडगीचे हाड तडकले होते. उंच उडी घेऊन आपटणाऱ्या पायाने ९२२ गुणांची ती किंमत मोजली. १९८३ च्या विश्वचषकात तो नुसता फलंदाज म्हणून खेळला, आणि कसोटीत पुन्हा गोलंदाजी करायला त्याला १९८५ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात मेलबर्नला त्याने ८३ आणि नाबाद ७२ धावा केल्या. त्या कसोटीचा धावफलक मी भाच्याला दाखवला, आणि ज्याचे गुण आम्ही तासभर मोजत होतो त्याचे नाव त्यातल्या गोलंदाजीच्या यादीत शोधायला सांगितले. ते तिथे नाही.