मशीन बंद पडलं: कंपनीचा इंजिनिअर की जळगावचा कारागीर?

चोपड्यात आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. मशीन बंद पडलं की माझ्यापुढे दोन नंबर असतात. एक कंपनीचा, तिथे तक्रार नोंदवायची, तिकीट नंबर घ्यायचा आणि नाशिक-पुण्याहून इंजिनिअर कधी निघतो याची वाट बघायची. दुसरा जळगावच्या कारागिराचा. तो संध्याकाळपर्यंत मोटारसायकलवर सोल्डरिंग गन टाकून हजर. फसलो मी दोघांकडेही, पण तऱ्हा वेगळ्या.

कंपनीची लबाडी कागदावर असते. एएमसीत, म्हणजे साध्या वार्षिक देखभाल करारात, नुसती मजुरी; सीएमसीत, म्हणजे सर्वसमावेशक करारात, सुटे भागही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण सीएमसीचं मागचं पान वाचा: प्रोब (रुग्णाच्या अंगाला लावायचा भाग), बॅटरी, सेन्सर, एक्स-रे ट्यूब बहुतेक वेळा वगळलेले. बिघडतं नेमकं तेच. मग ठरलेल्या तपासणीच्या भेटी. एकदा इंजिनिअर आला, चहा घेतला, सहा मशीनच्या रिपोर्टवर सिस्टरची सही घेतली आणि गेला. वॉर्डबॉय नंतर म्हणाला, "भाऊ, त्यानी एकबी मशीन उघाडं नही." त्या दिवसापासून मशीन उघडलं त्या वेळी हजर असलेल्या माणसाचीच सही चालते.

कंपनीची तिसरी लबाडी म्हणजे 'बोर्ड गेला' हे ठरलेलं वाक्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, वीज ये-जा करते, व्होल्टेज नाचतं. त्यामुळे पहिला बळी पॉवर सप्लायचा जातो. त्यातला फुगलेला कपॅसिटर, म्हणजे बोर्डवरचा एक छोटा भाग, थोडक्या रुपयांत बदलतो, पण कंपनीचा माणूस अख्खा बोर्डच कोटेशनमध्ये लिहितो. इथे जळगाववाला सरस. खान्देशातला उन्हाळा त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

पण त्याचं पाप मशीनच्या पोटात असतं. दुसऱ्या मशीनचा काढलेला भाग नवा म्हणून बसवणं, चांगला भाग 'टेस्टिंगला' नेऊन जुना परत आणणं, हे तर चालतंच. सगळ्यात वाईट म्हणजे अलार्म बंद करून देणं. आमचा इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाईन ठरलेल्या वेगाने देणारं मशीन, सारखा कोकलायचा. दुरुस्त होऊन आला तो गपगार, सिस्टर खूश. दोन दिवसांनी तिलाच नळीत हवेचा बुडबुडा दिसला आणि पंप गप्पच. तिने नळी लगेच बंद केली म्हणून निभावलं. हवा ओळखणारा सेन्सरच बाद करून ठेवला होता. कंपनीला बोलावलं तर उत्तर आलं, सील तुटलंय, आम्ही हात लावणार नाही, नवा पंप घ्या.

तेव्हापासून मी आधी विचारतो: दुरुस्ती चुकली तर ती मला स्वतःला कळेल का? सक्शन, ओटी लाइट, नेब्युलायझर चाललं तर चाललं, नाही तर नाही. ते बिनधास्त जळगाववाल्याला. मॉनिटर आला की प्रोब स्वतःच्या बोटाला लावायचा, बीपी हाताने मोजून ताडून बघायचं. पंपावर ताशी 100 मिली लावून मापाच्या नळकांड्यात अर्ध्या तासात 50 पडतात का ते बघायचं, आणि अलार्म मुद्दाम वाजवून घ्यायचा. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) त्याला देतो, पण सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो आवळून ठेवला तर 15 पौंड दाबाखालचा तो डबा बॉम्बच. नवा व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर बसवून घेतो.

डिफिब (हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन), व्हेंटिलेटर, भूल देण्याचं मशीन, बाळाचा वॉर्मर मात्र कंपनीकडेच. डिफिबच्या पडद्यावर 200 जूल दिसतात, पॅडलमधून किती निघतात ते ॲनालायझरशिवाय, म्हणजे तो झटका मोजणाऱ्या यंत्राशिवाय, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून कॅलिब्रेशनचा (आकडे बरोबर येतात हे तपासल्याचा) स्टिकर कंपनीचा असला तरी मी ॲनालायझरचं स्वतःचं प्रमाणपत्र मागतो, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं. ते मागितलं की निम्मे इंजिनिअर गडबडतात.

एक्स-रे आणि सोनोग्राफीत निवड आपल्या हातात नाहीच. एक्स-रेला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मान्यता असलेलीच एजन्सी लागते, मोठ्या दुरुस्तीनंतर क्यूए (गुणवत्ता) चाचणीही. सोनोग्राफीत सापळा वेगळा. 'तुमचं होईस्तोवर माझं जुनं मशीन वापरा' म्हणणारा देवमाणूस वाटतो. पण पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या, नियमांत मशीन बदलायचं तर 30 दिवस आधी कळवावं लागतं. नोंद नसलेलं मशीन खोलीत सापडलं तर केंद्राला सील लागतं, देवमाणसाला नाही.

तिसरा पर्याय स्वतःचा बायोमेडिकल टेक्निशियन, म्हणजे हॉस्पिटलची मशीनं सांभाळणारा पगारी माणूस. वीस खाटांना पगार परवडत नाही. अमळनेर-यावलच्या दोन हॉस्पिटलांशी वाटून ठेवायचं बोलणं चालू आहे, बघू.

कंपनीशी करार करणार असाल तर एक गोष्ट सरकारकडून उचला. सरकारी रुग्णालयांच्या यंत्र-देखभालीचा कार्यक्रम 2015 पासून आहे; त्यात मशीन चालू राहण्याची हमी जिल्हा रुग्णालयाला 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयाला 90, प्राथमिक केंद्राला 80 टक्के. असा आकडा आणि तो चुकला तर दंड, दोन्ही लिहून घ्या. 'लवकरात लवकर येऊ' हे शब्द करारातून खोडायला लावा.

काम बिघडलंच तर त्याच माणसाला पुन्हा उघडू देण्याआधी फोटो काढा, भागांवरचे नंबर टिपा, जुना भाग ताब्यात ठेवा, तक्रार ईमेलवर करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. समोरचा 'हा तर व्यवसाय आहे, तुम्ही ग्राहक नाही' असा आक्षेप घेणारच. स्वतः दवाखाना चालवून पोट भरणाऱ्या डॉक्टरला त्यावर बोलायला जागा आहे. मात्र हातात बिल लागतं.

आमच्या पंपाचे पैसे गेले ते गेलेच. 18 टक्के जीएसटी वाचवायला 'बिल राहू दे' असं जळगाववाल्याला मीच म्हटलं होतं.