मालवणातल्या दुकानात छतातले स्पीकर: एका वर्षानंतरचे मत

आपल्याकडे ध्वनियंत्रणा म्हटली की मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा डोळ्यांसमोर येतो आणि आवाज जितका लांब पोहोचेल तितकी यंत्रणा चांगली, असा समज असतो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या काजू, कोकम, मसाले आणि खाजे विकण्याच्या दुकानात मीही याच समजुतीने गल्ल्याच्या वर दोन मोठे स्पीकर टांगले होते. परिणामी गल्ल्याशी बोलणे ऐकू येत नसे आणि 40 फूट लांबीच्या दुकानाच्या मागच्या टोकाला, मसाल्याच्या फळ्यांपाशी, गाणे कुठले आहे हेही कळत नसे. त्यावर उपाय म्हणून ओळखीच्या वायरमनने आणखी दोन स्पीकर त्याच तारांना जोडले. 8 ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की प्रवाहाला होणारा अडथळा 2 ओहमवर उतरतो आणि ॲम्प्लिफायरला जास्त प्रवाह द्यावा लागतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. मे महिन्याच्या उकाड्यात तो ॲम्प्लिफायर दर तासाने तापून बंद पडू लागला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाईक बाईंनी तर स्पष्टच सांगितले, "आवाज बारीक कर रे, दर ऐकाक येना नाय."

गेल्या पावसाळ्यात किल्ल्याकडची बोटवाहतूक बंद झाल्यावर, दुकानात वर्दळ नसताना, मी कुडाळच्या एका कंत्राटदाराकडून सगळी यंत्रणा नव्याने करून घेतली. हा अभिप्राय त्यांच्या कामाविषयी आहे. नियोजन उत्तम आणि शेवटचा हात कच्चा, असे माझे वर्षभरानंतरचे मत आहे.

त्यांनी पहिल्या भेटीत एकही स्पीकर आणला नव्हता. आणला होता तो फक्त टेप. छत जमिनीपासून 10 फुटांवर, उभ्या माणसाचा कान साधारण 5 फुटांवर, म्हणजे मधले अंतर 5 फूट. छतातला स्पीकर 90 अंशांत आवाज पसरवत असेल, तर कानाच्या उंचीवर 10 फूट व्यासाचे वर्तुळ त्याच्या वाट्याला येते, हे त्यांनी काजूच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने काढून दाखवले. दुकानाची रुंदी 18 फूट असल्याने दोन रांगा आणि प्रत्येक रांगेत चार, असे आठ छोटे स्पीकर ठरले. मोठे दोन सोडून छोटे आठ घेणे मला आधी उधळपट्टी वाटली होती. परंतु प्रत्येक गिऱ्हाईक कुठल्या ना कुठल्या स्पीकरच्या जवळच असल्यामुळे कोणताही स्पीकर मोठ्याने वाजवावा लागत नाही, हे यातले खरे मर्म आहे. फोनवरच्या ॲपने पूर्वी गल्ल्याशी 78 आणि मागे 64 डेसिबल दाखवले होते. आता सगळीकडे 60 ते 62 दिसतात. असे ॲप काटेकोर नसते, पण फरक कळायला पुरते.

जोडणी 100 व्होल्टच्या पद्धतीची आहे. यात प्रत्येक स्पीकरवर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या वेगवेगळ्या तारांमधून तो स्पीकर किती वॅट घेणार ते निवडता येते. दुकानातले सहा स्पीकर 3 वॅटवर, गल्ल्यावरचे दोन दीड वॅटवर आणि पडवीतला नववा 6 वॅटवर ठेवला आहे. एकूण बेरीज 27 वॅट होते. ॲम्प्लिफायर 60 वॅटचा असून बेरीज त्याच्या 80 टक्क्यांच्या, म्हणजे 48 वॅटच्या, आत असावी हा सर्वसाधारण नियम असल्याने पुढे गोदामात दोन-तीन स्पीकर वाढवायलाही जागा उरते. वॅट निम्मे केले की आवाज 3 डेसिबलने उतरतो. गल्ल्यावरच्या दोन्ही स्पीकरच्या तारा बदलून त्यांनी मला खाली उभे केले आणि हलक्या आवाजात दर विचारला. मला तो पहिल्याच खेपेला ऐकू आला. उच्च व्होल्टमुळे तारेतून प्रवाह पाव अँपिअरच्या आसपासच वाहतो, त्यामुळे लांब अंतराला जाड तार लागत नाही. मात्र ॲम्प्लिफायर चालू असताना या तारांना उघड्या हाताने शिवू नये, हे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे.

आमच्या पीव्हीसी सीलिंगच्या वर कौले आहेत आणि कौलांखाली उंदीर आहेत. सगळ्या तारा त्यांनी न सांगता पाइपातून नेल्या, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो.

पडवीतल्या स्पीकरबाबत मात्र त्यांनी खारे वारे जमेस धरलेच नाहीत. आत वापरायचा, कागदी पडद्याचा स्पीकर बाहेर लावला. पावसाळा संपेपर्यंत तो फाटक्या आवाजात खरखरू लागला आणि जाळीचे स्क्रू गंजून भिंतीवर तांबडे ओघळ आले. तिसऱ्या फोनानंतर पॉलिप्रॉपिलीनच्या पडद्याचा स्पीकर आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आले, तेही वेगळे पैसे घेऊन. त्याहून मोठा ताप फोनवरची गाणी ॲम्प्लिफायरला पोहोचवणाऱ्या ब्लूटूथच्या डबीचा आहे. वीज गेली आणि परत आली की ती डबी सगळ्या स्पीकरमधून पूर्ण आवाजात इंग्रजीत घोषणा करते. आमच्याकडे जून महिन्यात वीज किती वेळा जाते, हे येथील वाचकांना सांगायला नको.

परवान्याचा विषयही त्यांनी काढला नाही. घरगुती वापराचे गाण्यांचे ॲप दुकानात लावणे त्या ॲपच्या अटींत बसत नाही आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार दुकानात ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्यासाठी हक्कधारकांची परवानगी लागते. पीपीएल आणि आयपीआरएस या संस्था असे परवाने देतात. नियोजनाच्या पहिल्याच कागदावर हा खर्च लिहिला गेला पाहिजे होता. काय वाजवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचे, भजन लावू नये, गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून बारी संपेपर्यंत उभे राहते.

स्पीकर, ॲम्प्लिफायर, तारा आणि मजुरी धरून 31 हजार रुपये झाले. पडवीतली दुरुस्ती वेगळी. गोदामाचे काम मी त्यांनाच देणार आहे, परंतु सामानाची यादी आधी लिहून घेईन. ब्लूटूथची डबी बदलायला ते गणपतीनंतर येतो म्हणाले आहेत. तोपर्यंत वीज गेली की नोकराने आधी आवाजाचे बटण शून्यावर आणायचे आणि मग मेणबत्ती शोधायची, अशी दुकानात पद्धत पडली आहे.