धरमपेठेतले रात्रीचे तर्री पोहे, होस्टेलच्या पोट्ट्यांचा अड्डा

नागपुरात तर्री पोहे म्हणजे सकाळचा नाश्ता, पण हा ठेला संध्याकाळी लागते अन् रात्री उशिरापर्यंत चालू राहते, म्हणून याला पाच स्टार. पोहे गरम, मऊ, भाऊ वरून चण्याची तर्री अशी ओततात की लाल तवंग प्लेटच्या काठाला लागते, मग कच्चा कांदा, शेव, लिंबू. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

गर्दी जास्त करून यवतमाळ, गोंदियाकडून शिकायला आलेल्या पोरांची. त्यातले काही गावी वरातीत, शेतातल्या पार्टीत प्यायचे, कॉलेजला आल्यावर कमी झालं म्हणतात. एक जण म्हणाला, "तिकडे नाही म्हटलं की चिडवत, इथे कोणी विचारतच नाही बे." ग्रुप बदलला की बरंच बदलतं, मला हेच मोठं कारण वाटते. बाकी मग सकाळचं प्रॅक्टिकल, घरून येणारे मोजके पैसे, आणि दारूनं झोप लवकर लागली तरी मध्यरात्री मोडतेच. कायद्यानंही आपल्याकडे बिअर-वाइनला २१ अन् बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात.

सगळेच कमी करतात असं नाही, काही इथे येऊनच सुरू करतात. म्हणूनच रात्री स्वस्तात गप्पा मारत बसायला अशा जागा पाहिजेत राजेहो, शहरात फार कमी आहेत.

बेंच कमी पडतात, शनिवारी उभं राहूनच खावं लागते. चहा ठीक.