पेनड्राइव्ह की एसएसडी? आधी काम सांगा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी एका स्कूटरला ठोकून निघून गेलं. फुटेज काढायला सेक्रेटरींनी मला बोलावलं, कारण ‘यांना कॉम्प्युटरचं कळतं’. मी ऐटीत १ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे खिशात मावणारी वेगवान डिस्क, घेऊन खाली गेलो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरने तिला ओळखच दाखवली नाही. शेवटी वॉचमनकाकांनी ड्रॉवरमधून १६ जीबीचा, टोपण हरवलेला पेनड्राइव्ह काढून दिला आणि पाच मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून कुणी ‘कोणता घेऊ?’ विचारलं की मी उलट विचारतो, कशासाठी? पर्याय ढोबळमानाने तीन: यूएसबी २.० चा साधा १६-३२ जीबीचा पेनड्राइव्ह, दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेला ३.२ चा ६४-१२८ जीबीवाला, आणि एसएसडी.

साध्याची खरी जागा म्हणजे जुनी, हट्टी यंत्रं. डीव्हीआर, गाडीचा स्टिरिओ, आजीचा भजनाचा स्पीकर. यांतल्या बऱ्याच जणांना फॅट३२ हीच एक फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, कळते. माझी एसएसडी एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये होती, म्हणून ती पाहुणी ठरली. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण गाण्यांना काय फरक पडतो? १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे ३२ जीबीत ५०० तासांहून जास्त गाणी. ताम्हिणी घाटात रेंज गेली की ऑनलाइन गाणी गप्प होतात, हा मात्र वाजत राहतो. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय सहसा मिळतच नाही. म्हणून गाडीसाठी १२८ जीबी घेणं म्हणजे उगाच डोकेदुखी.

गणपतीत मंडळाच्या स्पीकरला लावणार असाल तर एक खुबी. असे बरेच प्लेअर नावाप्रमाणे नाही, तर फाइल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. आमच्याकडे एकदा ‘सुखकर्ता’च्या आधीच मंत्रपुष्पांजली सुरू झाली आणि मंडळी टाळ हातात धरून एकमेकांकडे बघत राहिली. ड्राइव्ह रिकामा करायचा, नावांना ०१, ०२ असे आकडे द्यायचे आणि एकेक करून त्याच क्रमाने टाकायच्या.

झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळाच, स्वस्तातला ठेवा आणि त्यात त्या दिवशीच्या पीडीएफशिवाय काही ठेवू नका. दिवसभरात शंभर लोकांचे ड्राइव्ह लागतात त्या मशीनला. फोल्डर गायब होऊन नुसते शॉर्टकट उरलेले मी दोनदा पाहिलेत. मराठी मजकूर वर्डमध्ये नेला आणि तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असला, तर समोर अगम्य लिपी उमटते. फॉन्टसकट पीडीएफच न्यावी. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणं सोपं, हे कबूल. पण आधारकार्डाची प्रत दुकानदाराच्या फोनमध्ये पडून राहावी, हे मला पटत नाही.

मधला, टाइप-सीवाला, मी बहुतेकांना सुचवतो. फोन भरला की फोटो थेट त्यात उतरवता येतात, केबल नको. शिवाय जुना लॅपटॉप जिवंत करायला तो उत्तम. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि कितीतरी घरांत धडधाकट पण विंडोज ११ ला नको असलेले लॅपटॉप पडून आहेत. ड्राइव्हवर व्हेंटॉय हा ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करून देणारा प्रोग्रॅम बसवायचा (आधीचं सगळं पुसलं जातं, बरं का), लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलीत) त्यात नुसती कॉपी करायची आणि लॅपटॉप ड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग चालतंय का ते पाहता येतं. आवडलं तर इन्स्टॉल करा. रोज ड्राइव्हवरूनच चालवायचा विचार असेल तर नको, तो तापतो आणि रखडतो. त्यासाठी एसएसडी.

एसएसडीचे पैसे वेगात वसूल होतात. पाकिटावर छापलेला वेग बहुधा ड्राइव्हमधून फाइल वाचायचा असतो, त्यात लिहायचा नाही. साधा ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल तर लग्नाचे २० जीबी फोटो उतरायला चाळीस मिनिटं जातात. ४०० एमबीने लिहिणाऱ्या एसएसडीला मिनिटही लागत नाही. तुम्ही व्हिडिओ एडिट करत असाल तर पुढचं वाचूच नका, एसएसडी घ्या.

लाकडी डबीतल्या पेनड्राइव्हवर लग्नाचा अल्बम देण्याची पद्धत दिसायला छान आहे. पण तो एकुलती एक प्रत म्हणून कपाटात ठेवू नका. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे साठवलेला विद्युतभार, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला की तो झिरपतो, उन्हाळ्यात जास्तच. मोजके फोटो गूगलच्या १५ जीबीत ठेवता येतील, पण तिथे जीमेलही वाटेकरी असतं. बाबांच्या आवाजातल्या कॅसेटी डिजिटल केल्यात? दोन वेगळ्या वस्तूंवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल घ्याच. मी एकदा ऑनलाइन सेलमध्ये ‘१ टीबी’चा पेनड्राइव्ह मातीमोल भावात घेतला होता. लॅपटॉपही १ टीबीच दाखवत होता, कारण आतली चिपच खोटं बोलत होती. फाइलींची नावं दिसायची, उघडायची एकही नाही. आता नवीन ड्राइव्ह आणला की आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवतो. हे प्रोग्रॅम ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतात. मोठ्या ड्राइव्हला तास-दोन तास सहज लागतात. रात्री लावून झोपायचं, आणि सकाळी आकडे जुळले नाहीत तर बिल घेऊन निघायचं.